कुर्दिश आणि कॅंटोनीजला एकाच ओळीत बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या भाषांवरचा लेख वाचला, असा विषय घेतलात म्हणून आधी आभार, पण त्यात कुर्दिश म्हणजे "देश नसलेल्यांची भाषा" आणि कॅंटोनीज म्हणजे "चिनीची एक बोली" असं एका वाक्यात उरकून टाकलंय ते अजिबात पटलं नाही. मला तर गोष्ट जवळपास उलटी दिसते. जिला आपण एक भाषा धरून चालतो ती कुर्दिश आतून बरीच फुटलेली आहे, आणि जिला बोली म्हणून बाजूला सारतो ती हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधली कॅंटोनीज ही पूर्ण, स्वतंत्र भाषा आहे.

कुर्दिशचंच बघा, तिची दोन मोठी रूपं आहेत. तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या अगदी उत्तरेकडे कुरमांजी बोलतात, इराकमधल्या सुलेमानिया, एर्बिल आणि पश्चिम इराणच्या बऱ्याच भागात सोरानी. कुरमांजी बहुतेक ठिकाणी लॅटिन अक्षरांत लिहितात, १९३२ साली दमास्कसमधून निघालेल्या हावार नियतकालिकात कुर्द लेखक जलादत अली बदिरखान यांनी ती लिपी बसवली, तर सोरानी अरबी वळणाच्या लिपीत, फक्त तिच्यात अरबीसारखे स्वर गाळत नाहीत, जवळजवळ सगळे लिहितात. सोव्हिएत राजवटीत तर सिरिलिकमध्येही कुर्दिश पुस्तकं छापली गेली. म्हणजे दोन्हीकडची माणसं सवय नसेल तर बोलताना अडखळतात आणि एकमेकांचा पेपर हातात आला तर तो वाचताही येत नाही, तरी दोघंही म्हणणार आम्ही कुर्दिशच बोलतो, आणि तसं म्हणायचा त्यांना शंभर टक्के हक्क आहे.

मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी होती ती लेखात नव्हती. कुर्दिश ही भारत-इराणी कुटुंबातल्या इराणी शाखेची, म्हणजे आपल्या मराठीची लांबची चुलत बहीणच आहे, आणि हे नुसतं वंशावळीपुरतं नाहीये, व्याकरणात ते धडधडीत दिसतं. आपण "तो सफरचंद खातो" म्हणतो पण भूतकाळात गेलो की "त्याने सफरचंद खाल्लं", आणि सफरचंदं अनेक असली की "खाल्ली", क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. कुरमांजीत अगदी हेच होतं, वर्तमानात तो म्हणजे "एव", भूतकाळात तोच "वी" होतो आणि क्रियापद सफरचंदाशी जुळतं. हिंदीतही हे आहे, पण इतक्या लांबच्या डोंगराळ मुलखात आपल्यासारखी वाक्यरचना भेटते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

कॅंटोनीजमध्ये यातलं काहीच नाही. विभक्ती नाही, लिंग नाही, क्रियापदाची रूपं बदलत नाहीत. त्याऐवजी सहा टोन, म्हणजे तोच उच्चार वेगळ्या सुरात केला की शब्दच वेगळा, आणि वाक्याच्या शेवटी येणारे छोटे छोटे शब्द ज्यांच्यावरून बोलणारा खात्रीने सांगतोय की विचारतोय की वैतागलाय ते कळतं. शब्दाच्या शेवटचे प, त, क मॅंडरिनमध्ये (म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत) गेले, कॅंटोनीजने ते जपले, त्यामुळे तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) कवितांची यमकं कित्येकदा कॅंटोनीजमध्ये वाचली की नीट जुळतात. बीजिंगच्या माणसाला कॅंटोनीज न शिकता कळत नाही, मग बोली कशी?

बोली वाटते ती लिपीमुळे. हाँगकाँगचा मुलगा घरी "तो" या अर्थी "खोय" म्हणतो पण शाळेच्या पुस्तकात त्या जागी मॅंडरिनचं अक्षर छापलेलं असतं, ते तो कॅंटोनीज उच्चाराने "था" असं वाचतो, नकाराचंही तसंच, बोलताना एक शब्द आणि पुस्तकात दुसरा. धडाच्या धडा तो अशा वाक्यांत मोठ्याने वाचतो जी त्याच्या घरात कुणीच बोलत नाही. बोलतात तसं लिहायला वेगळी अक्षरं आहेत, त्यातली बरीच ओळखीच्या अक्षराच्या डावीकडे तोंडाचं चिन्ह लावून बनवलेली, पण ती गप्पांत, जाहिरातींत, मेसेजमध्ये दिसतात, पाठ्यपुस्तकात मात्र जवळपास नाहीत. कुर्दिशला अनेक लिप्यांनी तोडलं आणि कॅंटोनीजला एका सामाईक लिपीने झाकून टाकलं.

राजकारणाचंही एकच माप लावता येत नाही. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दिशवर बंदी होती, तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, पण त्याच वर्षी कुर्द खासदार लेयला झाना यांनी संसदेत शपथेनंतर एक वाक्य कुर्दिशमध्ये म्हटलं त्यावर केवढा गदारोळ झाला, पुढे १९९४ ते २००४ त्या तुरुंगात होत्या (खटल्यात इतरही आरोप होते). क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत म्हणून ती असलेली कुर्दिश नावं नोंदवता येत नव्हती, ती अडचण दूर करायची घोषणा २०१३ मध्ये झाली. उलट इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत कुर्दिश अरबीच्या बरोबरीने अधिकृत आहे.

कॅंटोनीजवर अशी बंदी कधी आली नाही आणि मला वाटतं म्हणूनच तिची काळजी कुणाला वाटत नाही. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात फक्त "चिनी" लिहिलंय, कोणती चिनी ते नाही. ग्वांगजौ या दक्षिण चीनमधल्या शहरात २०१० साली तिथल्या टीव्हीचे मुख्य कार्यक्रम मॅंडरिनमध्ये करा अशी सूचना आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, पण शाळा मॅंडरिनमध्येच चालतात आणि तिथली बरीच लहान मुलं आजीशीही मॅंडरिनमध्येच बोलायला लागलीत. यू गटाच्या भाषा बोलणारे ८ कोटींच्या आसपास धरतात, कॅंटोनीज त्यातली प्रमुख, म्हणून लेखकाने तिला सुरक्षित म्हटलंय, पण ग्वांगजौसारख्या शहरात वर्गात जी भाषा चालत नाही तिला कोटींचा आकडा किती पिढ्या पुरणार?

माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात कुरमांजी आणि सोरानी वेगळ्या सांगा, आणि कॅंटोनीजच्या नावापुढचा "बोली" हा शब्द काढा.

आपला,
एक नियमित वाचक