सर्वांना प्रवेश देणारे महाविद्यालय : चि. अनिरुद्ध यास पत्र

सांता क्लारा, कॅलिफोर्निया
३ ऑगस्ट २०२५

चि. अनिरुद्ध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र हाताने लिहून त्याची छायाचित्रे फोनवर पाठवते आहे, कारण बोलताना तुझ्या महाविद्यालयाचा विषय निघाला की तू ‘बरं’ म्हणतोस आणि तिथे कोल्हापुरात फोन आजोबांच्या हाती देतोस. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा मार्ग.

आधी एक गोष्ट कबूल करते. आषाढीच्या भजनानंतर प्रसाद घेताना एका बाईंनी मला विचारले, “अनिरुद्धला कुठे मिळालं?” मी म्हणाले, “अजून ठरतंय.” ते खोटे होते. तुझा डी आन्झा महाविद्यालयाचा अर्ज मे महिन्यातच भरून झाला होता आणि हे मला ठाऊक होते. शिवाय त्याच महाविद्यालयात संध्याकाळचे वर्ग करून मी नोकरीला लागले आहे. बालशाळेत शिक्षिका होण्यासाठी राज्याचा नियम किमान १२ सेमिस्टर-युनिटांचा बालशिक्षणाचा अभ्यास मागतो, म्हणजे डी आन्झाच्या क्वार्टरच्या, तीन महिन्यांच्या सत्राच्या, हिशेबात १८ (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचे माप); ती मी कशी पूर्ण केली, जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून तू मला निबंधातल्या इंग्रजी चुका कशा दाखवायचास, हे तुला आठवत असेल. मला जे महाविद्यालय चालले ते माझ्या मुलाच्या बाबतीत सांगताना माझी जीभ अडखळली. तू घरी असतास तर ते तुझ्या कानावर गेले असते, आणि तुझ्या मनाने आधीच जे घेतले आहे त्याला आईचीच साक्ष मिळाली असती. म्हणून गुरुवारी सुट्टी घेऊन, २३ क्रमांकाची बस पकडून, स्टीव्हन्स क्रीक मार्गाच्या टोकाला उतरले आणि अर्धा दिवस त्या आवारात घालवला.

तेथील काउन्सेलरने, म्हणजे विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करणाऱ्या बाईंनी, तुझ्याविषयी मला एक अक्षरही सांगितले नाही, हे प्रथम लिहिते. विद्यार्थ्याने महाविद्यालयात पाऊल ठेवले की त्याच्या नोंदींवरचा हक्क १९७४च्या संघीय कायद्यानुसार त्याचा स्वतःचा होतो. वय कितीही असो, फी कोणीही भरो. कोल्हापुरात प्रवेशाच्या रांगेत वडील उभे राहतात आणि मुलगा सावलीत थांबतो, त्या सवयीने मी तुझे नाव सांगून बसले होते. तिने हसून सर्वसाधारण माहिती मात्र भरपूर दिली. वर्गांची नोंदणी, काउन्सेलरची वेळ, ओरिएंटेशन, हे सारे तुलाच करायचे आहे, आणि ते कोल्हापुरातूनही करता येते.

तुझ्या मनातला आक्षेप मला नेमका माहीत आहे, कारण तो आपल्याकडूनच तुला मिळालेला आहे. जिथे सर्वांना प्रवेश मिळतो ते महाविद्यालय कसले? कटऑफची यादी फळ्यावर लागते, शेवटच्या आकड्यावरून महाविद्यालयाची पत ठरते, अशा जगात तुझे बाबा आणि मी वाढलो. पण येथील दार उघडे आहे ते कोणी बंद करायला विसरले म्हणून नव्हे. कॅलिफोर्नियाने १९६०मध्ये उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला, त्यात राज्यातील वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाची केंद्रे, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य विद्यापीठे, आणि ज्याला शिकून काही लाभ होऊ शकेल अशा प्रत्येकाला डी आन्झासारखी सामुदायिक महाविद्यालये अशी वाटणी केली. आणि त्याच आराखड्यात खालून वर जाण्याची वाटही आखली, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे विषय येथे करून पुढे विद्यापीठात जायचे. आज अशी ११६ महाविद्यालये राज्यात आहेत. पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१मध्ये निघाले. त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले होते. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शिकण्याची इच्छा आहे आणि राहण्या-भरण्याची सोय नाही अशा मुलाचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा दोन्हीकडे कोणाला तरी पडला होता, याचे मला बसमध्ये बसल्याबसल्या नवल वाटले. आजोबांना हे वाचून दाखव. बोर्डिंगचा विषय निघाला की ते तासभर थांबत नाहीत.

आता तुझ्या कामाचे. तुला यंत्र अभियांत्रिकीत जायचे आहे, तेव्हा कॅल्क्युलसचे चार भाग आणि त्यांच्या बरोबरीने चालणारे भौतिकशास्त्राचे चार भाग हा तुझा कणा. भौतिकशास्त्राच्या पहिल्या भागाला कॅल्क्युलसचा पहिला भाग आधी लागतो, पुढे स्थितिकीला, म्हणजे स्थिर वस्तूंवरील बलांच्या विषयाला, भौतिकशास्त्र लागते, असे एकात एक अडकलेले आहे, आणि एक कडी सुटली तर सारे एका क्वार्टरने मागे जाते. म्हणून पहिल्याच सत्रात गणित सोडायचे नाही, मग सकाळी साडेसातचा वर्ग मिळाला तरी चालेल. सर्वसाधारण शिक्षणाचे विषय, म्हणजे इतिहास, कला, भाषणकला, यांची नवी यादी याच शरद सत्रापासून लागू होते आहे. तिला कॅल-गेटसी म्हणतात आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ व राज्य विद्यापीठ दोघांनाही तीच एक यादी चालते. अभियांत्रिकीच्या मुलांनी मात्र आधी गणित-भौतिकशास्त्र उरकावे आणि ही यादी सवडीने भरावी, असे काउन्सेलरने बजावले. याच शरदापासून इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र अशा काही विषयांना राज्यभर एकच क्रमांक मिळतो आहे. जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांचे क्रमांक आणि तुझे क्रमांक जुळले नाहीत तर गोंधळू नकोस. कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर पाहायचे. मित्राने सांगितले म्हणून विषय घ्यायचा नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा केंद्रांत, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ येथे, ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असतील तर प्रवेशाची लेखी हमी मिळते. तिला येथे सगळे ‘टॅग’ म्हणतात. हमी एकाच केंद्राची मागता येते, आणि प्रत्येक केंद्र प्रत्येक शाखेला ती देत नाही, अभियांत्रिकीच्या अटी तर विशेष कडक असतात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो या यादीत नाहीत. तेथे अर्ज करता येतो, हमी नाही. तारखांचा हिशेब मी तुझ्यासाठी मांडून ठेवला आहे: २०२७च्या शरदात जायचे असेल तर टॅगचा अर्ज सप्टेंबर २०२६मध्ये, म्हणजे तुझ्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग जेमतेम सुरू होत असताना भरावा लागेल. पहिले वर्ष ‘रुळायला’ मिळणार नाही, असा याचा अर्थ.

दोन वर्षांत सारे होईल असे मी म्हणत नाही. विद्यापीठात जाण्यासाठी लागणारी ९० क्वार्टर-युनिटे सहा सत्रांत बसवायची तर दर सत्रात १५ पडतात, आणि अभियांत्रिकीचे विषय जड असल्याने पुष्कळ मुले तिसरे वर्ष घेतात. काही मुले अर्ध्यावर सोडूनही जातात; माझ्या वर्गातील बाविसांपैकी शेवटच्या परीक्षेला चौदाच उरलो होतो. उघड्या दारातून आत येणे सोपे असते तसेच बाहेर जाणेही सोपे असते, कोणी अडवत नाही. क्वार्टर बारा आठवड्यांचा असतो आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली परीक्षा दारात येते. तू शाळेत शेवटच्या रात्री अभ्यास करायचास. तो उद्योग येथे चालणार नाही, एवढेच लिहून हा विषय सोडते.

खर्चाचे थोडक्यात. राज्यातील रहिवाशांना एका क्वार्टर-युनिटला ३१ डॉलर, म्हणजे १५ युनिटांना ४६५ डॉलर आणि वर काही किरकोळ शुल्के. प्रथमच महाविद्यालयात येणाऱ्या पूर्ण वेळच्या विद्यार्थ्यांना हेही माफ करण्याची योजना आहे, तिचा अर्ज विसरू नकोस. तुझ्या बाबांनी हा आकडा दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण मला खरे सांगायचे आहे ते दुसरेच. काम संपल्यावर मी निघाले आणि वाट चुकले. लाल कौलांच्या इमारती सगळ्या सारख्याच दिसतात. इतकी संध्याकाळ तेथे जाऊनही मला माझा वर्ग आणि बसथांबा यांपलीकडचे आवार माहीत नव्हते. फ्लिंट सेंटर कोठे होते तेही मी गुरुवारी प्रथमच विचारून घेतले. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलचा मॅकिंटॉश संगणक जगापुढे आला तो त्या सभागृहात. २०१९मध्ये ते बंद झाले. ॲपलचा सहसंस्थापक वॉझ्निॲक कोलोरॅडोत एक वर्ष काढून डी आन्झामध्ये शिकला आणि मग बर्कलीला गेला, हे तुला सांगायचे मी ठरवले होते, पण अशी उदाहरणे दिली की तू डोळे फिरवतोस, म्हणून ते राहू दे.

फिरता फिरता एका दारातून ओळखीचा वास आला. कापलेल्या लोखंडाचा आणि ते थंड ठेवणाऱ्या कूलंटचा. उद्यमनगरात आजोबांचे वर्कशॉप उघडले की सकाळी जो वास येतो तोच. आत लेथ होते, पलीकडे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रे होती. डी आन्झामध्ये यंत्रावर काम शिकवण्याचा स्वतंत्र विभाग आहे, संगणकावर आराखडा काढण्यापासून सीएनसीवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, उतरवण्यापर्यंतची प्रमाणपत्रे तेथे मिळतात, आणि ती शिकायला अभियंता असावे लागत नाही. मी दारात उभी होते तेव्हा केस पिकलेले एक गृहस्थ आणि तुझ्या वयाची एक मुलगी एकाच जॉबवर मायक्रोमीटर लावून आकड्यावरून वाद घालत होते. ती मुलगी बरोबर निघाली. तुला हव्या असलेल्या मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलाला यंत्राला हात लावू देतात की नाही मला ठाऊक नाही. येथे मात्र पदवीच्या विषयांबरोबर एखादा असा वर्ग घेता येतो. पाचवीत असताना तू आजोबांच्या लेथवर पितळेचा भोवरा केला होतास. तो अजून माझ्या कपाटात आहे.

सईलाही सांगितले आहे. ती दहावीत असली तरी शाळेच्या परवानगीने तिला तेथील एखादा वर्ग करता येईल, आणि शाळकरी मुलांना त्याचे प्रवेशशुल्क पडत नाही. तिने लगेच जपानी भाषा निवडली. का, ते तिलाच ठाऊक.

काल मंदिरात त्या बाई पुन्हा भेटल्या. त्यांनी विचारले नव्हते, तरी मी थांबवून सांगितले, “अनिरुद्ध डी आन्झाला जातो आहे.” त्या म्हणाल्या, “अहो, आमची थोरली तिथूनच डेव्हिसला गेली.” इतकी वर्षे त्यांनीही ते कोणाला सांगितले नव्हते.

वर्ग सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात, पण गणिताच्या जागा आधीच भरतात, तेव्हा या आठवड्यातच रात्री बसून नोंदणी कर. तुझी रात्र म्हणजे आमची सकाळ, मी जागीच असेन. येताना आजोबांकडून त्यांचा मोजमापाचा जुना व्हर्नियर मागून आण. येथे नवा मिळतो, पण त्यांनी तो तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे असे आजी म्हणत होती, आणि ते स्वतः होऊन कधी द्यायचे नाहीत. व्हर्नियर हातातल्या सामानात ठेवू नकोस, विमानतळावर कदाचित अडवतील.

आजी-आजोबांना सा. न.

तुझी,
आई