ख्रिस्ती क्षमा ही पळवाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी चर्चमध्ये पापाची कबुली द्यायची आणि सोमवारी पुन्हा तेच करायचे, अशी मोकळीक ख्रिस्ती धर्म देतो काय, असा प्रश्न आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने विचारला होता. प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे. सोलापुरात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, कामात दीर्घकाळ वावरलेला एक ख्रिस्ती माणूस या नात्याने त्याचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

क्षमेचे सर्वांत थेट उदाहरण बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याचे आहे. आपल्याला मिळते आहे ती शिक्षा आपल्या कृत्यांचे योग्य फळ आहे, असे तो आधी स्वतःच म्हणतो. त्यानंतर येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकात आपल्याबरोबर असण्याचे वचन देतो. मात्र या वचनाने तो वधस्तंभावरून खाली उतरत नाही. देवाची क्षमा आणि न्यायालयाची शिक्षा या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत, हे आम्हा ख्रिस्ती लोकांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण एखाद्या संस्थेतील गैरव्यवहार किंवा अत्याचार उघडकीस येतो तेव्हा ‘झाले गेले, क्षमा करा’ म्हणून पीडित व्यक्तीलाच गप्प बसवण्याचा प्रयत्न जिथे होतो, तिथे ख्रिस्ताच्या नावाने ख्रिस्ताच्या शिकवणीलाच हरताळ फासला जातो.

पण उलट टोकाला असलेल्या माणसांची मला अधिक काळजी वाटते. दारूपायी घरातील बाईच्या विडी वळण्याच्या मजुरीवर हात टाकलेला, भिशीचे पैसे परस्पर वापरलेला, आईच्या अखेरच्या आजारपणात गावी न गेलेला असा माणूस पुढे सुधारतो, वेळेवर कामावर जातो, मुलांची फी भरतो. तरी आतून मात्र त्या एकाच जागी अडकलेला असतो. त्याला मोकळीक नको असते, कारण आपण कायम खंत करत राहणे हेच आपले प्रायश्चित्त आहे, असे त्याने मानलेले असते. माझा अनुभव असा, की मंडळीत अशी माणसे पुष्कळ असतात आणि ती बहुधा मागच्या बाकावर बसतात.

येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा आणि आपण त्याला ओळखतच नाही असे म्हणून त्याला नाकारणारा शिष्य पेत्र यांची प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत ती अशा माणसांसाठी. यहूदाला पश्चात्ताप झालाच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो की त्याला पस्तावा झाला, चांदीची तीस नाणी त्याने परत नेली आणि ‘मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केले’ अशी कबुलीही दिली. म्हणजे खंत, कबुली आणि भरपाई हे तिन्ही त्याच्याकडे होते. ज्या याजकांपुढे त्याने हे सांगितले त्यांनी मात्र ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा’ म्हणून त्याला झिडकारले, आणि तो एकटाच बाहेर पडून गळफास घेऊन मेला. पेत्राचा अपराधही लहान नव्हता. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले आणि तोही बाहेर जाऊन रडला. पण तो इतर शिष्यांत परत आला आणि तिथेच राहिला. पुढे पुनरुत्थानानंतर समुद्रकिनाऱ्यावर येशूने त्याला ‘तू असे का केलेस?’ असे एकदाही विचारले नाही. ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारले, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपवले. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, अशी नोंद योहानाने आपल्या शुभवर्तमानात केली आहे. तेव्हा ही भेट त्याला सुखाची गेली असे नाही. हाच पेत्र पुढे अंत्युखिया या शहरात लोकांच्या भीतीने पुन्हा कचरला आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले, हे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. तरीही त्याच्यावर सोपवलेले काम काढून घेतले गेले नाही.

भरपाईचे काय, असे कोणी विचारील. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर केले, ते येशू त्याच्या घरी उतरायला तयार झाल्यानंतर. स्वीकार आधी झाला आणि परतफेड त्यातून निघाली. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून प्रेरणा घेतलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतही ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायला सांगितले आहे. मात्र त्या व्यक्तीला त्यातून आणखी इजा होणार असेल तर नाही. हा अपवाद मला फार मोलाचा वाटतो. जिने वर्षानुवर्षे मार खाल्ला त्या पत्नीने नवऱ्याने मंडळीसमोर आपण बदललो अशी साक्ष दिल्यानंतर लगेच त्याला माफ करावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार ना त्याला आहे, ना पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना.

या शहरात आणखी एक भेद करणे अगत्याचे आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठीच्या बंदिस्त वसाहतीत, त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का लगेच पुसला गेला नाही. तिथल्या कारभारात काही काळ अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचाही भाग होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. इतरांनी लादलेली लाज हे पाप नव्हे. तिचा पश्चात्ताप करायचा नसतो, आणि तो करायला कोणाला सांगूही नये.

शेवटी एक विनंती. काही वेळा ही खंत आजाराचे रूप घेते, झोप उडते, जगणे नकोसे वाटते. अशा वेळी प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा, आणि शासनाची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. चर्चमध्ये येऊ इच्छिणाऱ्यांनी उपासना संपल्यावर पाळकांना पाच मिनिटे मागावीत आणि जे घडले ते स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘तुझे तू पाहा’ हे उत्तर त्यांना तिथे मिळता कामा नये, ही जबाबदारी आम्हा मंडळीतील लोकांची आहे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, सोलापूर