घुंगरांकडे कान ठेव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘बेल द झूर’ पाहून तू विचारलंस, यात कामुक म्हणावं असं आहे तरी काय? उघडं अंग शोधत बसलास तर हाती फारसं लागणार नाही. लुइस बुन्युएल या दिग्दर्शकाचा १९६७चा हा फ्रेंच चित्रपट कानांनी पाहायचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. आता काय वाटायला हवं हे सांगायला एकही व्हायोलिन येत नाही, म्हणून घोडागाडीची घुंगरं वाजली की थेट अंगावर येतात. सुरुवातीचंच घे. झाडीतून गाडी येते, पिएर आपल्या बायकोला, सेव्हरीनला, गाडीवानांकरवी खाली ओढायला लावतो, चाबकाचे फटके बसतात. आणि पुढच्याच क्षणी तोच पिएर झोपायच्या खोलीत प्रेमानं विचारतो, कसला विचार करतेयस? मध्ये धुकं नाही, कडा धूसर नाहीत, सरळ कट. साशा व्हिएर्नीच्या कॅमेऱ्यानं स्वप्न आणि संसार दोन्ही सारख्याच स्वच्छ उजेडात ठेवलेत. जोझेफ केसेलच्या १९२८च्या कादंबरीत ही दिवास्वप्नं नव्हती. ती बुन्युएल आणि त्याचा सहपटकथाकार झाँ-क्लोद कारिएर यांनी घातली, आणि चित्रपटाचा जीव तिथंच आहे.

बहुतेकांची गफलत इथं होते: घुंगरू वाजलं की स्वप्न, नाही तर वास्तव, असं गणित मांडतात. पहिला अर्धा तास ते जुळतंही. पण मादाम अनाइसच्या कुंटणखान्यात, जिथं सेव्हरीन नवऱ्याच्या नकळत दुपारी दोन ते पाच काम करते, तिथं तो आशियाई गिऱ्हाईक येतो आणि त्याच्या हातातही छोटी घंटा असते! म्हणजे ती खूण स्वप्नाची नाही, वासनेची आहे. त्याच्या डबीतून गुणगुण ऐकू येते. दुसरी बाई आत डोकावते आणि नकार देते, सेव्हरीन राजी होते. आत काय आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. नंतर ती पलंगावर पालथी पडलेली असते, मोलकरीण कळवळून म्हणते की कधीकधी फार जड जात असेल. सेव्हरीन मान वर करते, चेहऱ्यावर तृप्ती, आणि म्हणते, तुला काय कळतंय त्यातलं! सगळ्या चित्रपटातला सर्वांत कामुक क्षण मला हाच वाटतो, आणि त्यात ‘घडताना’ काहीच दाखवलेलं नाही. बुन्युएलला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, हे आठवलं की या ध्वनिरचनेपुढे हात जोडावेसे वाटतात.

कपड्यांकडेही बघ. फॅशन डिझायनर ईव्ह साँ लोराँनं सेव्हरीन झालेल्या कॅथरीन दनव्हला गळ्यापर्यंत बंद, काटेकोर शिवणीचे पोशाख दिलेत. काळा चकचकीत व्हिनाइलचा कोट, पांढऱ्या कॉलरचा काळा झगा. इतकं बंद असल्यामुळेच एक बटण निघालं तरी प्रसंग होतो.

मार्सेल हा तरुण गुंड गिऱ्हाईक म्हणून आल्यावर चित्रपट थोडा ढिला पडतो, हे मान्य. पिस्तूल आलं की कथा नेहमीच्या गुन्हेपटाच्या वाटेला लागते. त्याचे सोन्याचे दात आणि फाटके मोजे तेवढे तिला सावरतात.

पुन्हा पाहशील तेव्हा मूळ फ्रेंचच घे, हेडफोन लावून. डब करताना संवाद पुढे येतात आणि हे बारीक आवाज मागे दबतात. मांजरांवरही लक्ष ठेव. पहिल्या स्वप्नात त्यांचा उल्लेख आहे आणि अगदी शेवटी म्याँव ऐकू येतं. तेव्हा पिएर चाकाच्या खुर्चीत लुळा बसलेला असतो. घुंगरं वाजतात, तो काळा चष्मा काढून सहज उठतो, पेय ओततो. सेव्हरीन खिडकीशी जाते. खालून तीच गाडी येते, पण या वेळी आत कुणीच नाही.

तुझाच,
मिलिंद