तिसरा सेक्टर

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आपटलास ते एका परीनं बरंच झालं. मीही आवाज चढवला होता आणि तुझ्या मागं मेकॅनिक मंडळींची आवराआवर चालली होती. चारचौघांत आईशी भांडायची वेळ या वयात कुणावर येऊ नये. पत्र मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या दुखऱ्या मानेबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. तो विषय तू संपवलास, संपला.

सहा वर्षांनी परत गाडीत बसलास, त्या शर्यतीबद्दल लिहिते. पावसातला पहिला लॅप, म्हणजे ट्रॅकची पहिली फेरी, मी उभ्यानं पाहिला. चार गाड्या मागं टाकल्यास, त्यातली शेवटची पार बाहेरच्या बाजूनं. रोजच्या वाटेवर रबर बसलेलं असतं आणि ओलं झालं की तेच निसरडं होतं, हे बाबांनी तुला कार्टिंगच्या दिवसांत ट्रॅकवर पायी फिरवून दाखवलं होतं. या नव्या पोरांनाही ते ठाऊक असतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि पहिल्याच लॅपला न बिचकता त्या वाटेबाहेर गाडी घालणं वेगळं. मी ओरडले. ताई म्हणाली, आई, बस, बीपी वाढेल. वाढू दे म्हटलं.

मग ट्रॅक सुकला आणि तू एकेक जागा सोडत गेलास.

टायर कळत नाहीत, असं तू म्हणालास. मला पटतं, निदान अर्धं पटतं. तू थांबलास तेव्हाचे टायर मार खाऊन घ्यायचे. आताचे जरा घसरवले की तापतात आणि एकदा तापले की लवकर सावरत नाहीत. तुझी जुनी सवय उशिरा ब्रेक मारून नाक एकदम आत घालायची. तुझा तो संघातला बाविशीतला जोडीदार पिटमधून निघाल्यापासूनच टायरांची मनधरणी करत जातो. ते शिकायला वेळ लागणार. फॉर्म्युला वनच्या शूमाखरला नाही लागला?

2010 चं ते वर्ष मला आठवतं, कारण बाबा तेव्हा होते. सात विजेतेपदं नावावर असलेला माणूस, 2006 ला थांबलेला, 41 व्या वर्षी परत आला. मधल्या काळात खोबणीचे टायर जाऊन गुळगुळीत आले होते. त्याला पूर्वी हवा तेवढा सराव मिळायचा, तो हंगामात बंद झाला होता. शर्यतीत पेट्रोल भरणं त्याच वर्षी बंद झालं, म्हणून गाडी पूर्ण भार घेऊन सुटायची. आणि पुढचे टायर 270 मिलिमीटरवरून 245 वर आणले होते. त्याला गाडीचं पुढचं टोक चावरं लागायचं. मागचं किती का सुटेना, ते तो हातांनी सांभाळायचा. ते टोकच त्याला मिळेना. वर्षअखेर त्याच्याच संघातल्या रोसबर्गचे 142 गुण आणि याचे 72. सगळे म्हणाले, वय झालं. बाबा एकटेच म्हणत राहिले, वय नाही, पुढचे टायर बघा.

तर टायरांचं मी उडवून लावत नाही. पण त्याच माणसाची आदल्या वर्षीची गोष्ट तू सोयीनं विसरतोस. 2009 ला हंगेरीत फेरारीच्या मास्साला अपघात झाला, फेरारीनं शूमाखरला बोलावलं, तो तयारीलाही लागला. आणि मग नाही म्हणाला. फेब्रुवारीत मोटरसायकलवरून पडला होता, मानेची दुखापत भरलेली नव्हती. फेरारी दारात उभी असताना नाही म्हणाला!

आलेच बघ तिथं. जाऊ दे. पण आता आलेच आहे, तर माझी वही उघडते.

बाबांच्या वेळी मी पिटच्या भिंतीशी स्टॉपवॉच आणि पेन्सिल घेऊन लॅप चार्ट भरायचे. आता आकडे पडद्यावर आपोआप येतात, तरी मी ते उतरवून घेते. ताई हसते. हसू दे. लॅपचे तीन भाग, म्हणजे सेक्टर, करून वेळ मोजतात. पहिल्या दोन सेक्टरांत तू आणि तुझा जोडीदार जवळजवळ सारखे आहात. तिसऱ्यात, जिथं तो न संपणारा उजवा वळसा आहे, तिथं शर्यतीच्या मध्यापासून तुझा वेळ गळायला लागला. आधी एक दशांश, मग दोन, मग त्याहून जास्त. टायर झिजले, असं तू म्हणशील. मग पिटमध्ये येऊन टायर बदललेस. पहिला सेक्टर सुधारला, दुसरा सुधारला. तिसरा का नाही सुधारला, बाळू? चारही टायर नवे होते. गाडीत जुनं काय उरलं होतं ते लिहीत नाही, लिहिणार नाही म्हटलंय.

गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रणही पाहिलं. त्या वळशात शेवटी शेवटी तुझं हेल्मेट डाव्या बाजूच्या पॅडिंगला टेकलेलं दिसतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो. वळणात तीन जी, म्हणजे वजनाच्या तिप्पट ओढ, लागले की तेच वीसच्या आसपास, आणि तेही प्रत्येक लॅपला. सहा वर्षं मोकळ्या राहिलेल्या स्नायूंनी ते किती वेळ तोलावं? टेकलंस याला मी नावं ठेवत नाही, भलेभले टेकतात. पण टेकलं की गाडीची सगळी थरथर थेट हेल्मेटात येते, नजर स्थिर राहत नाही. वळणाचा आतला कोपरा तेव्हा तुला एक दिसतो की दोन, हे मला विचारायचं होतं. काल तेच विचारायला फोन केला होता.

सूनबाईनं मला काही सांगितलेलं नाही. सकाळी उठताना तू डोक्यामागं हात घालून डोकं उचलतोस, हे मी आपलं माझ्या मनानं लिहितेय. तिला उगाच विचारू नकोस.

तू म्हणालास, शूमाखरला जे झालं ते ट्रॅकवर झालंच नाही, बर्फावर स्कीइंग करताना झालं, तेव्हा माणूस कुठंही पडतो. माणूस कुठंही पडतो, हे तू मला फार पूर्वीही ऐकवलं आहेस. तेव्हा मी गप्प बसले, कारण बाबांसमोर तो विषय नको होता. आताही त्यावर मला उत्तर सुचत नाही. आईला असल्या वाक्यांचा काही उपयोग नसतो, एवढंच.

थांब असं मी तुला म्हणत नाहीये. हे नीट वाच, कारण काल तू ते ऐकून घेतलं नाहीस. मला भीती वेगळीच आहे. तू तुझ्या इंजिनिअरला सांगितलंस की गाडी अंडरस्टिअर करते, नाक वळत नाही, पुढचा विंग वाढवा. तो बिचारा तुझं ऐकणार, तू ज्येष्ठ. विंग वाढेल, नाक वळेल आणि वेगात मागचं टोक हलकं होईल. कुठं? त्याच लांब वळशात, तुझं हेल्मेट पॅडिंगला टेकलेलं असताना. जो दोष गाडीत नाही तो गाडीतून काढायला गेलास, तर चांगली गाडी बिघडवशील, आणि मागचं टोक पकडायला लागणारी नजर तेव्हा तुझ्याजवळ नसेल. बाबा असते तर त्यांनी हे दोन शब्दांत सांगितलं असतं आणि तू ऐकलंही असतंस.

जुन्या विजेत्या लाउडाचं बघ. 1979 ला कॅनडात शर्यतीच्या आधीच उठून निघून गेला, 1982 ला परतला. परतण्याआधी मॅक्लारेनची गाडी चालवून पाहिली तेव्हा शरीर साथ देईना, हे त्यानं मान्य केलं आणि व्यायाम करून घेणाऱ्या विली डुंगलच्या हाताखाली अंग घडवलं. तिसऱ्याच शर्यतीत लाँग बीचला जिंकला. 1984 ला तर त्याच्याच संघातला प्रॉस्ट त्याच्याहून वेगवान होता, सात शर्यती जिंकला, हा पाचच. विजेतेपद मात्र यानं नेलं, 72 विरुद्ध साडेएकाहत्तर. एका लॅपच्या वेगात त्या पोराला हरवायचा नाद त्यानं सोडून दिला होता. तुलाही त्या बाविशीतल्या पोराच्या क्वालिफाइंगच्या, म्हणजे सुटायचा क्रम ठरवणाऱ्या वेळेच्या, मागं धावायचं कारण नाही. रोज तासभर अंगावर काम कर, सिम्युलेटरवर टायरांचा अभ्यास कर, इंजिनिअरशी खरं बोल, रात्री वेळेवर झोप आणि

झालं माझं भाषण. 42 वर्षांच्या माणसाला झोपायची वेळ सांगतेय. रागावू नकोस. तू दहाचा असताना कार्टच्या हेल्मेटखाली तुझी मान एवढीशी दिसायची की बाबांनी फोमचा तुकडा कापून कॉलर केली होती, आणि ती पोरं चिडवतील म्हणून तू गाडीत बसल्यावरच बांधू द्यायचास. काढायची मात्र घाई नसायची. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर कॉलरसकट झोपलेला असायचास. तो फोम अजून माळ्यावर आहे, मामानं टाकून द्यायला सांगितला होता.

त्या दुसऱ्या माजी विजेत्याचा, मॅन्सेलचा विषय तूच काढलास म्हणून सांगते. 1995 ला परतला तेव्हा मॅक्लारेनच्या कॉकपिटमध्ये मावला नाही, गाडी रुंद करेपर्यंत दोन शर्यती गेल्या, आणि पुढं दोनच शर्यती चालवून तो मोकळा झाला. तू निदान मावतोस. सीट नव्यानं घडवावी लागली हे ऐकलं, पण त्यावर मी काही बोलणार नाही. आणि माजी विजेता रायकोनेन 2012 ला परतून त्याच वर्षी अबू धाबीत जिंकला, हे तुझं पालुपद मला पाठ आहे. तो तेव्हा 33 चा होता आणि मधल्या दोन वर्षांतही रॅली चालवत होता. तू मधली वर्षं ऑफिसात काढलीस.

हे लागेल तुला. लागावं म्हणून लिहिलेलं नाही. परतल्यावर शूमाखरच्या तीन हंगामांत एकच पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, आला, वलेन्सियात, 2012 ला, तिसरा. तो तेव्हा तुझ्याहून एका वर्षानं मोठा होता. बाबा नव्हते, मी एकटीनं पाहिलं आणि बराच वेळ टीव्ही बंद केला नाही. तेव्हा तू या सगळ्यातून बाहेर पडायच्या विचारात होतास आणि मला मनातून वाटत होतं, पडू नये. हे तुला कधी सांगितलं नाही. परत हेल्मेट घालतोस म्हणालास तेव्हा ताई रडली, सूनबाई बोलेनाशी झाली, आणि मी आत जाऊन नवी वही काढली.

पुढचा ट्रॅक घड्याळाच्या उलट्या दिशेचा आहे. म्हणजे सगळा भार दुसऱ्या बाजूवर, आणि ती बाजू तुझी नेहमीच कच्ची. डावीकडचे व्यायाम आजपासून सुरू कर. त्याआधी एमआरआय करून घे, रिपोर्ट मला पाठव, इंजिनिअरलाही दाखव. नाही पाठवलास तरी सेक्टरच्या वेळा माझ्यापर्यंत येतातच.

तुझी,
आई

ता. क. क्वालिफाइंग किती वाजता आहे ते कळव. ताईला म्हणाले, त्या दिवशी माझ्यासाठी दुसरं काही ठरवू नकोस.