गुण देणारे ॲप नको, कान तयार करणारे साधन द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

विषय: इंग्रजी उच्चार शिकवण्यासाठी डिजिटल साधनांची खरेदी

उच्चारांचे सॉफ्टवेअर घेताना 'आपोआप गुण देते का?' हा प्रश्न आधी विचारला जातो. तो शेवटी विचारावा, ही आमची कळकळीची विनंती.

असे गुण बहुधा बोललेले ओळखणारी यंत्रणा देते, आणि ती मोडक्या-तोडक्या बोलण्यातूनही शब्द हुडकण्यासाठी बनवलेली असते. मागचेपुढचे शब्द पाहून ती अंदाज बांधते. म्हणून वाक्यातला चुकीचा उच्चार ती खपवून घेते आणि लहेजा अनोळखी असला की बरोबर म्हटलेला सुटा शब्दही नाकारते. मुलाला 62 गुण दिसतात. जीभ कुठे ठेवायची, ते मात्र कळत नाही.

'पिन' हा शब्द घ्या. इंग्रजीत ओठ उघडल्यावर, स्वर सुरू होण्याआधी, साधारण 50 ते 60 मिलिसेकंद हवेचा झोत येतो. मराठी, स्पॅनिश किंवा फ्रेंच बोलणाऱ्याच्या 'प'मध्ये तो जवळजवळ नसतो, त्यामुळे इंग्रज कानाला 'बिन' ऐकू येते. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेल्या 'प्राट' या आवाजाचे चित्र दाखवणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये हा झोत राखाडी पट्ट्यासारखा दिसतो, मोजताही येतो. मग ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची: 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना जेमतेम. एवढे केले की मुलाला चूक कुठे होती ते डोळ्यांनी दिसते.

पण बोलण्याआधी ऐकणे. 1991 साली लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवले ते पाच जणांच्या आवाजांतून. एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या आवाजापुरताच तयार होतो, नवा माणूस बोलला की पुन्हा गोंधळ. आणि 1997 च्या अशाच एका प्रयोगात नुसत्या ऐकण्याच्या सरावानेही बोलणे सुधारलेले आढळले. तेव्हा रोज दहा मिनिटे, 'पिन'-'बिन'सारख्या, एकाच ध्वनीचा फरक असलेल्या जोडीतला एक शब्द ऐकवायचा, मुलाने ओळखायचा, बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगायचे. नव्वद टक्के बरोबर येऊ लागले की मगच रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंगमध्येच बरेचदा घोळ होतो. काही ब्लूटूथ हेडसेट कॉलच्या मोडमध्ये आवाज 8 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 8 हजार नमुने घेऊन, नोंदवतात. त्यात निम्म्या आकड्यापर्यंतचेच ध्वनी टिकतात, म्हणून 4 किलोहर्ट्झच्या वरचे सगळे गळते, आणि 'स'ची सळसळ मुख्यतः तिथेच असते. 'सिंक' आणि 'थिंक' सारखेच वाटू लागतात, आणि दोष येतो मुलाच्या माथी. वायरचा माइक, तोंडापासून सुमारे 15 सेंटिमीटरवर, किंचित बाजूला, 44.1 किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी). यात फारसा खर्च नाही.

निविदेत एवढ्या अटी घालाव्यात: सरावात किमान पाच बोलणाऱ्यांचे आवाज, चूक नेमक्या कोणत्या ध्वनीत आहे ते दाखवणे, रेकॉर्डिंग शिक्षकाला वेव्ह फाइलमध्ये काढून घेता येणे, शिक्षकाला स्वतःच्या शब्दजोड्या घालता येणे, इंटरनेटशिवाय चालणे. आणि ती रेकॉर्डिंग्ज ऐकायला शिक्षकाला वेळापत्रकात आठवड्याला एक तास मिळावा.

आपले,
इंग्रजी उच्चार शिकवणारे शिक्षक