वृद्ध चेहऱ्यांची ती व्यक्तिचित्रे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय चित्रकलेतील वृद्धांच्या चेहऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला, याचा आनंद झाला. मात्र त्यात अशी सगळी चित्रे 'व्यक्तिचित्रे' म्हणून एकाच रांगेत बसवली आहेत आणि प्रत्येक सुरकुतीत दुःख पाहिले आहे, ते मला पटले नाही.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये अशा चित्रांना 'ट्रोनी' असा वेगळा शब्द होता. समोर बसलेली व्यक्ती कोण, याला त्यात महत्त्व नसे. चेहऱ्याची ठेवण, भाव, पेहराव आणि प्रकाश यांचा अभ्यास हा त्यामागचा हेतू असे. लायडन शहरात रेम्ब्रां आणि यान लिव्हेन्स हे चित्रकार विशीतच अशा चेहऱ्यांकडे वळले होते. त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या एका वृद्धेला 'रेम्ब्रांची आई' म्हणण्याचा प्रघात पुढे पडला, पण त्याला ठोस पुरावा नाही. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील १६३१ च्या चित्रात हीच वृद्धा ग्रंथ वाचत बसली आहे आणि चित्रातला सर्वांत लख्ख उजेड तिच्या चेहऱ्यावर न पडता उघड्या पानावर आणि त्यावर टेकलेल्या हातावर पडला आहे. त्या हाताची पातळ, बारीक चुण्यांची त्वचा एकदा निरखून पाहावी. वयाबद्दल जे सांगायचे ते रेम्ब्रांने तिथे सांगून टाकले आहे. जर्मन चित्रकार बाल्थाझर डेनरने पुढे, अठराव्या शतकात, सुरकुतीन् सुरकुती रंगवली. त्याच्या चिकाटीला दाद द्यावीच लागते, पण मन रमते ते या हातापाशी.

दुःखाचे म्हणाल, तर त्याला उत्तर जर्मन चित्रकार ड्यूररच्या एका रेखाटनात आहे. १५२१ मध्ये अँटवर्पला त्याने एका वृद्धाला समोर बसवून गडद कागदावर ब्रशने रेखाटले. मिटत आलेल्या पापण्या, कपाळाला टेकलेला हात आणि दाढीची एकेक लट त्याने पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषांनी उठवली आहे. वर त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, की हा माणूस ९३ वर्षांचा असून अजून निरोगी आणि धडधाकट आहे. याच अभ्यासावरून त्याने संत जेरोमचे तैलचित्र केले.

हे रेखाटन व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आणि तैलचित्र लिस्बनमध्ये आहे. आपण या विषयावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा ही दोन्ही शेजारी शेजारी आणि शक्य तितक्या मोठ्या आकारात द्यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक