चित्र हाकलले की ते परत येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झोपेवरील आपल्या लेखात ‘अंथरुणाला पाठ टेकताच भयानक दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील तर ती मनातून काढून टाकावीत’, असा सल्ला एका ओळीत उरकला आहे. नेमका हाच उपाय उलटतो. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे सांगितले. घंटी वाजतच राहिली. पुढे विचार करायची मोकळीक मिळाल्यावर तर याच मंडळींना अस्वल जास्त आठवले. ‘ते आले नाही ना?’ हे बघायला मनाने पहारा बसवला की पहारेकऱ्याला चोराचा चेहरा लक्षात ठेवावाच लागतो. शिवाय दमलेल्या मनात आवर घालण्याची ताकद आधी संपते, पहारा मात्र चालूच राहतो. म्हणून रात्री हे अधिक होते.

आधी चित्र कोणते ते ओळखावे. अनोळखी चेहरे, विद्रूप आकार, क्षणात बदलणारी दृश्ये ही जागेपण आणि झोप यांच्या सीमेवरची असतात. १८४८ मध्ये फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी त्यांना ‘हिप्नागॉगिक’ म्हटले. ती निरुपद्रवी असतात आणि जागरण साचले की वाढतात. झोप दाराशी आल्याचीच ती खूण, त्यामुळे धावत्या गाडीच्या खिडकीतून बघावे तशी बघून सोडून द्यावीत. दुसरा प्रकार भीतीशी बांधलेला: अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, आपल्याच हातून कुणाला इजा होते आहे असे दृश्य. हे शेवटचे दृश्य लोक लाजेने कुणाला सांगत नाहीत. वास्तविक ते नकोसे वाटते म्हणूनच मनाला चिकटते. चित्र दिसणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे.

मनातल्या चित्रांना जागा थोडी असते. दिवसा ती डोळ्यांच्या कामाने भरलेली असते, दिवा मालवला की रिकामी होते. आकडे मोजणे किंवा मनातल्या मनात काही म्हणत राहणे अनेकदा अपुरे पडते, कारण ते काम जिभेचे आणि कानाचे. चित्रपट शेजारी चालूच राहतो. चित्राची जागा चित्रानेच अडवावी लागते. कॅनडातील संशोधक ल्यूक बोदोआँ यांची एक युक्ती मराठीतही छान जमते. चार-पाच अक्षरांचा, भावना न ढवळणारा शब्द घ्यावा, समजा ‘पतंगबाजी’. ‘प’वरून पायरी, पंखा, पोपट, पिंप असे सुचेल ते घ्यावे आणि प्रत्येक वस्तू पाच ते दहा सेकंद डोळ्यांपुढे आणावी: रंग, आकार, कुठे ठेवली आहे ते. शब्द सुचेनासे झाले की ‘त’. (शब्दात ‘ळ’ किंवा ‘ण’ असेल तर ते अक्षर सोडावे, त्याने मराठी शब्द सुरूच होत नाहीत!) फसते ते तीन ठिकाणी. लोक शब्द भराभर म्हणतात, वस्तू बघतच नाहीत. वस्तूंची गोष्ट गुंफू लागतात, आणि गोष्ट पुन्हा भीतीकडे वळते. किंवा मध्येच ‘झोप आली का?’ असे तपासतात आणि जागे होतात. नको ते चित्र मध्ये घुसले तर त्याच्याशी झटू नये. पुढची वस्तू घ्यावी.

तेच दृश्य रोज येत असेल तर त्यावरचे काम दिवसा करावे, अंथरुणात कधीही नाही. दुःस्वप्नांसाठी वापरली जाणारी पद्धत येथेही करून बघता येते: दृश्य दोन-तीन ओळींत लिहावे, हवे तिथून बदलावे आणि बदललेले रूपच रोज १० ते २० मिनिटे, काही आठवडे मनात चालवावे. मूळ दृश्य घोकत बसू नये. सुरुवात सर्वांत भयंकर दृश्यापासून करणे ही नेहमीची चूक.

अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी नीरस करावे, पेंग आल्यावरच परतावे. घड्याळ बघू नये. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्ने उसळतात. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही औषधांनीही स्वप्ने तीव्र होतात. अशी औषधे परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

घडून गेलेला प्रसंग वास-आवाजांसह आत्ताच घडतो आहे असा महिन्याहून अधिक काळ उभा राहत असेल, किंवा दृश्य खरे ठरू नये म्हणून पुन्हा पुन्हा काही तपासावे लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच रात्री कुणाला तरी उठवून सांगावे.

लेखातील त्या ओळीची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

— एक वाचक